सून, वर्ग अर्धकुशल

अमरावती,
९ जानेवारी १९६४

सूर्यभानजी,

वर 'तीर्थरूप' लिहू का 'राजमान्य राजश्री' लिहू, यातच दोन कागद फाटले. आमच्या आश्रमात दुपारी पोथी वाचाले केशवराव गुरुजी येतात, त्यायनंच मले अक्षरं शिकवली. ते म्हणाले, नवऱ्याले पत्र लिहाची एक रीत असते, मी सांगतो. म्या म्हटलं, गुरुजी, ज्या नवऱ्यानं चौदा वर्षांत बायको जिती आहे का मेली हे विचारलं नाही, त्याले लिहाची रीत तुमच्या कोणत्या पुस्तकात आहे? पोथी उघडून बसले बिचारे. म्हणून सरळ नाव घेऊन लिहून राहिली.

मी इंदू. तुमची पहिली. मोर्णेकाठच्या मळ्यातून गाठोडं घेऊन निघाली ते. निघाली कशाची, काढली. लेकरू झालं नाही म्हणून. तुमी वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडत उभे होते अन् तुमी मान वर केली नाही. असू द्या. भांडासाठी लिहिलं नाही. काल मले जो धक्का बसला, त्याच्यातून मी अजून उठली नाही, म्हणून लिहिलं.

काल दुपारी आश्रमाच्या फाटकापाशी टांगेवाल्याचं अन् कोण्या बुढीचं कडाक्याचं भांडण चालू होतं. 'मोटार स्टँडपासून इथलोक आठ आणे? मी काय पहिल्यांदा टांग्यात बसली काय रे, चोट्ट्या?' माझ्या हातातलं पितळेचं गंज धाडकन खाली पडलं. असा आवाज साऱ्या वऱ्हाडात एकच आहे. सात वर्षं मी रोज सकाळी त्या आवाजानं उठली आहो. अवं माय! तुमची माय होती.

सोबत बाजारातला कोणी माणूस होता. त्यानं एक चिठ्ठी टेबलावर ठेवली अन् पाणी न पेता गेला. आमचे व्यवस्थापक नत्थुजी, त्यायनं चिठ्ठी पाहून रजिस्टरात लिहिलं, मी बाजूलेच उभी होती: 'गोदाबाई पुंजाराम धनोकार, अकोला, वय अडुसष्ट, पती मयत, मूलबाळ नाही.'

मूलबाळ नाही? मंग मी सात वर्षं ज्याच्या घरी भाकरी थापल्या तो कोण होता, भूत? माझे कान लाल झाले. तुमची माय तिथंच पाटावर बसली होती. तिनं ऐकलं. टांगेवाल्याले धारेवर धरणारी बाई, अन् 'मूलबाळ नाही' यावर शब्द नाही. तिच्या दोन्ही डोयांत मोतीबिंदू आहे. उजेड अन् अंधार तेवढा कळते. मी कोण हे तिले कळलं नाही.

आमचा आश्रम निराधार बायकांचा आहे. सतरा बुढ्या. माझं काम त्यायले उठवाचं, आंग धुऊन द्याचं, औषध पाजाचं, ज्या उठत नाहीत त्यायची कूस बदलाची. दहा वर्षांपासून करून राहिली. तुमच्या मायचं पहिलं आंग धुणं माझ्याच हातचं झालं. खरं सांगते, लपवत नाही. चूल पेटलेली होती, तरी पहिला गडवा म्या थंड्या पाण्याचा घेतला. मुद्दाम. ती 'आई गं' म्हणून आखडली. दुसरा गडवा गरम घेतला. तिसरा बी गरमच. माझी मले लाज वाटली.

तुमची माय पोचली हे कळवासाठी हे पत्र. चिठ्ठीत मूलबाळ नाही असं कोणी लिहिलं, तेवढं कळवजा.

इंदू

ता. क. मी कोण हे तिले सांगतलं नाही. सांगणार बी नाही.


अमरावती,
२ फेब्रुवारी १९६४

सूर्यभानजी,

तुमचं उत्तर नाही. येईन असं वाटलं बी नव्हतं.

इथं एक असा घोळ झाला आहे की हसावं का डोकं फोडून घ्यावं हे समजत नाही. गुरुजीशिवाय कोणाले सांगू, म्हणून तुमाले लिहून राहिली. तुमाले लिहिलं म्हणजे हिरीत बोलल्यासारखं आहे, आवाज बाहेर जात नाही.

इथल्या बुढ्यांले परक्या बाईनं आंगाले हात लावलेला खपत नाही. एकेक जण आंग धुवाच्या वक्ती अशी रडे की विचारू नका. मंग आश्रम निघाला तवाच एक रीत पडली, काम करणाऱ्या बाईले 'सून' म्हणाचं. लेक म्हणाले कोणी तयार नव्हतं. लेक सासरी जाते, करणं सुनेचं. सुनेनं लुगडं सोडलं तर लाज नाही. इथं आमी दोघी सुना, मी अन् दुर्गाबाई. 'सून, पाणी दे.' 'सून, पाठ चोळ.' दहा वर्षं सतरा सासवा सांभाळून राहिली. ज्या घरात खरी सून होती तिथं एक सांभाळता आली नाही म्हणसान. म्हणा.

तर झालं असं, की सरकारचा नवा कागद निघाला. अशा संस्थांत काम करणाऱ्याले ठरलेल्या दराच्या खाली पगार द्याचा नाही, अन् कोण कोणत्या वर्गाचं ते लिहून ठेवाचं. झाडणारी, भांडे घासणारी अकुशल. आंग धुऊन देणारी, औषध पाजणारी, पाठीले जखम होऊ न देणारी अर्धकुशल. म्या गुरुजीले विचारलं, अर्धकुशल म्हणजे काय? मी काय बुढी अर्धी धुते अन् अर्धी कोरडी सोडते? ते हसले. म्हणाले, वेडे, अर्धकुशलचा दर महिन्याले साठ आहे. साठ! मले इथं जेवण, वर्षाले दोन लुगडे अन् पंधरा रुपये हातखर्ची भेटते. साठात मी भाड्यानं खोली घेऊ शकते. माझी. दाराले माझी कडी. कोणी काढ म्हटलं तर काढता येणार नाही अशी.

गेल्या मंगळवारी लेबरचा साहेब आला. नागपूरकडचा, चष्मेवाला, भला माणूस. तो एकेका बुढीपाशी गेला अन् माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, 'ही बाई कोण?' जाईबाई म्हणे, 'सून.' माणिकबाई म्हणे, 'माझी सून.' ज्या बुढीले आपलं नाव आठवत नाही, ते बी म्हणे, 'सून होय ना!' सतरा जणी, सतरा वेळा सून. साहेबानं चष्मा काढून पुसला अन् कागदावर लिहिलं: 'कुटुंबातील व्यक्ती. वेतनदर लागू नाही.'

सूर्यभानजी, मी ओरडलीच, अहो साहेब, एका बाईले सतरा सासवा असतात काय? साहेब म्हणाला, मी लोक जे सांगतात ते लिहितो. नत्थुजी कोपऱ्यात उभे राहून पाहत होते. माणूस खराब नाही, पण संस्थेकडे पैसा कमी. त्यायले सुटल्यासारखं वाटलं, म्या पाहलं. वरून मले म्हणते, 'इंदूबाई, सेवेले कुठी दर असते काय?' म्या म्हटलं, 'नत्थुजी, मंग उद्यापासून तुमी धुवा.'

गुरुजीनं साहेबाले बाजूले नेऊन रीत समजावली. साहेब म्हणाला, ठीक आहे, अठरा मार्चले पुन्हा येतो. प्रत्येक बाईनं सांगावं की ही आमच्या नात्यातली नाही, अन् अंगठा द्यावा. मंग वर्ग बदलतो.

तुमची माय बरी आहे. बाकीच्यायचं ऐकून ते बी मले सून म्हणते. काल डोक्याले तेल लावताना म्हणे, 'अशी सून मले भेटाले पाहिजे होती व. दोन भेटल्या. दुसरी जयवंता, ते वस्ताद. पहिली तोंडाळ होती, हंडा आपटून ठेवे.' माझा हात थांबला. म्या विचारलं, 'मंग पहिलीचं काय झालं?' तर म्हणे, 'गेली. कोणी पाहलं कुठी गेली ते.' म्या तेल लावलं अन् वेणी घातली. हंडा मी आपटत नव्हती. जड होता तो.

इंदू


अमरावती,
१७ फेब्रुवारी १९६४

सूर्यभानजी,

आता हे पत्र कामाचं आहे. पूर्ण वाचजा.

काल सरकारी फारम भरले. नाव, वय, नवऱ्याचं नाव, गाव. नत्थुजी ओसरीत टेबल टाकून बसले होते. बुढ्या समोर उन्हात. म्या सांगतलं अन् त्यायनं लिहिलं, अन् सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचलं: 'इंदूबाई सूर्यभान धनोकार, राहणार जुने शहर, अकोला.' म्या खोटं का सांगू? माझं दुसरं कोणतं नाव आहे?

वाचता वाचता त्यायची लेखणी थांबली. त्यायनं रजिस्टर उघडलं, गोदाबाई पुंजाराम धनोकार, अकोला. एकदा माझ्याकडे पाहलं, एकदा तिच्याकडे. तुमची माय उन्हात बसली होती, हातात ज्वारीच्या लाह्या होत्या. लाह्या खाली सांडल्या. आंधळ्या डोयांनी माझ्या दिशेनं पाहत तिनं विचारलं, 'कोणती इंदू?'

म्या म्हटलं, 'हंडा आपटणारी.'

ती उठली. भिंतीले हात लावत लावत आत गेली अन् आपल्या खाटेवर तोंड फिरवून पडली. तवापासून माझ्या हातचं खात नाही. आंग धुऊ देत नाही. दुर्गाबाई गेली तर ठीक. मी जवळ गेली की माझ्या पावलावरून ओळखते अन् पदर तोंडावर ओढून घेते. मले राग यावा, पण राग येत नाही. मले काय होते हे मलेच समजत नाही. दीड महिना जिले तेल लावलं, जिच्या पायाले पडलेल्या भेगा मेणानं भरल्या, ते आपली जुनी सासू, हे मले माहीत होतं. तिले नव्हतं. तिची काय गत झाली असन!

आता कामाचं. नत्थुजीनं मले बोलावून सांगतलं, 'पाह्य इंदूबाई, तू खरीच सून निघाली. या बुढीले लेक असन तर तू नात्यातली, दर लागू नाही. अन् लेक असन तर बुढीलेबी इथं राहता येत नाही, आश्रम निराधारांचा आहे. लेक नसन तर तू कोणाचीच सून नाही, अन् बुढीबी इथंच. अठरा तारखेले साहेबासमोर गोदाबाई काय म्हणते त्यावर सारं आहे.' म्हणजे तुमच्या मायनं 'मले कोणी नाही' म्हटलं की तिची खाट बी पक्की अन् माझे साठ बी पक्के. तिनं 'सून' म्हटलं की तिची खाट बी गेली अन् माझे साठ बी.

तिचा भरवसा मले नाही. ते कधी काय बोलन सांगता येत नाही, तुमाले माहीत आहे. म्हणून मले फारकत पाहिजे. चौदा वर्षांआधी तुमी काढून देल्लं, पण फारकत देल्ली नाही, अन् म्या मागतली नाही. वाटे, कधी तरी बोलावसान. हे लिहाले लाज वाटते, पण खरं आहे. आता वाटत नाही. सरकारी तिकिटाच्या कागदावर, दोन पंचांच्या सह्या घेऊन, मार्चच्या आत पाठवजा. फारकत झालेली बाई कोणाची सून नसते, हे साहेबाले मान्य आहे, गुरुजीनं विचारून घेतलं.

माझं सारं त्याच्यावर आहे. चौदा वर्षांत हे एकच मागून राहिली.

इंदू


अमरावती,
६ मार्च १९६४

सूर्यभानजी,

काल लिफाफा भेटला. फारकत आहे, दोन पंच आहेत, तिकीट आहे. तुमची सही अजून तशीच, 'भ'ले शेपटी.

अन् लिफाफ्याच्या सोबतच तुमचं कार्ड. उघडं कार्ड! पोस्टमननं वाचलं, नत्थुजीच्या टेबलावर पडलं, त्यायनं वाचलं, तवा मले भेटलं. म्या तीन वेळा वाचलं. मले वाटलं, मले वाचता येत नाही, मी चुकून राहिली. गुरुजीकडे नेलं. त्यायनं वाचून कार्ड उलटं ठेवलं अन् पाणी मागतलं.

'फारकत धाडली आहे. तिच्या बदल्यात एवढं करणे. बाईले मूलबाळ नाही असे लिहिले आहे ते तसेच राहू देणे. ती बडबडली तर आवरणे. इकडे जागा नाही, जयवंताचे अन् तिचे पटत नाही, पोरांचे शिक्षण आहे. तिले परत धाडल्यास मी ठेवून घेणार नाही.'

'बाईले.' माय बी लिहिलं नाही तुमी.

मी चौदा वर्षं शिव्या देल्ल्या, त्या साऱ्या तुमच्या मायच्या नावानं होत्या. वाटे, सूर्यभान भोळा आहे, मायच्या पुढे बोलता येत नाही त्याले. वाफ्यात पाणी सोडत उभा राहिला तर काय, मनात रडत असन. देवा रे देवा! मी अशी कशी मूर्ख! तुमी रडत नव्हते. पाणी पाहत होते, फुटून बाजूच्या वाफ्यात जाते काय म्हणून.

फारकत म्या ट्रंकेत ठेवली आहे. कार्ड तुमच्या मायले वाचून दाखवलं नाही. कोणत्या तोंडानं दाखवू?

अठरा तारखेले बारा दिवस आहेत. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

इंदू


अमरावती,
२० मार्च १९६४

सूर्यभानजी,

हे शेवटचं पत्र. सावकाश बसून वाचजा. तुमच्या बाबतीतली एक बातमी आहे, ते शेवटी सांगते. आधी सांगून उपयोग नाही, तुमाले समजणार नाही.

आधी एक खोटं दुरुस्त करते. मागच्या पत्रात लिहिलं होतं की कार्ड वाचून दाखवलं नाही. दाखवलं होतं. अक्षर न अक्षर. त्याच दिवशी, तिच्या खाटेच्या कडेले बसून. ती माझ्याकडे पाठ करून पडली होती अन् मले राग आला होता. वाटलं, भोग. 'इकडे जागा नाही' इथपर्यंत वाचलं तवा ती म्हणे, 'पुन्हा वाच.' म्या पुन्हा वाचलं. मंग म्हणे, 'त्यानं माय लिहिलं नाही?' म्या म्हटलं, 'नाही.' म्या जे केलं ते चांगलं केलं नाही, हे मले ते कार्ड घडी करताना समजलं. दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन गेली तर तिनं पदर ओढला नाही. आंग धुऊ देल्लं. बोलली मात्र नाही.

आता अठरा तारखेची गोठ.

साहेब दहा वाजता आला. साऱ्या बुढ्या धुतलेल्या लुगड्यात बसल्या होत्या. दुर्गाबाईचं आधी झालं, मंग माझं. गुरुजीनं सगळ्यायले आठ दिवस समजावलं होतं की 'सून नाही' म्हटलं तर इंदूचं भलं होते. तरी काय सांगू! जाईबाई म्हणे, 'माझी सून नाही,' अन् पदर डोयाले लावून हुंदके देऊन रडाले लागली. माणिकबाई म्हणे, 'नात्यातली नाही साहेब, पण उद्यापासून हे येणार नाही असं तर नाही ना? तसं असन तर मी अंगठा देत नाही.' साहेबाले सांगता सांगता घाम फुटला. सोळा अंगठे झाले. मी बाजूले उभी. सोळा वेळा 'कोणी नाही' ऐकलं. माझ्या भल्यासाठीच होतं, पण कानाले बरं लागत नव्हतं.

मंग तुमची माय. दुर्गाबाईनं धरून आणली. फारकत माझ्या कंबरेले खोचलेली होती.

साहेबानं विचारलं, 'आजी, ही तुमची कोण?'

ती म्हणाली, 'सून.'

नत्थुजी पुढे सरकून म्हणाले, 'गोदाबाई, ही इथली रीत नका सांगू, खरं नातं विचारून राहिले साहेब.' तर तुमची माय कडाडली, त्याच टांगेवाल्याच्या वेळच्या आवाजात, 'मी खरंच सांगून राहिली! सून आहे माझी. लग्नाची. सात वर्षं माझ्या घरी राबली. म्या काढली. म्या या हातानं तिचं गाठोडं रस्त्यावर फेकलं, शेजारच्या साऱ्या बाया पाहत होत्या. आता या साऱ्या पाहून राहिल्या आहेत तर त्यायच्यासमोर सांगते. सून आहे!'

सूर्यभानजी, चौदा वर्षं मी हा शब्द ऐकासाठी झुरली. पहिले दोन वर्षं तर कोणी अकोल्याकडचं दिसलं की मी धावतच रस्त्यापर्यंत जावो, वाटे निरोप आणला असन. अन् तो शब्द आला तो अशा दिवशी! मले हसू येऊन राहिलं होतं का रडू, कोणाले ठाऊक. एक मन म्हणे, फारकत तशीच राहू दे कंबरेले. पाया पड तिच्या. काय कराचे साठ?

म्या फारकत काढली.

हे लिहाची लाज नाही मले. साहेबाच्या हातात देल्ली अन् म्हटलं, 'होती, साहेब. आता नाही. आता मी इथं काम करणारी आहो.' साहेबानं कागद उजेडात धरून वाचला, तारीख पाहली, पंच पाहले. म्हणाला, 'बरोबर आहे. नातं संपलं.' अन् माझ्या नावापुढचं 'कुटुंबातील व्यक्ती' खोडून वर लिहिलं, 'वृद्धसेविका, अर्धकुशल.' मले वाचता येते. म्या तिथंच उभ्यानं वाचलं.

तुमची माय म्हणे, 'फारकत देल्ली त्यानं?' म्या म्हटलं, 'हाव.' 'तुले लागणार होती?' 'हाव, माय. लागणार होती.' तिनं मान हलवली. म्हणे, 'मंग बेस केलं घेतली ते.'

पण घोळ मिटला नव्हता. नत्थुजी रजिस्टर पुढे घेऊन बसले होते. खाली पाहत म्हणाले, 'साहेबासमोर बोलल्या तुमी गोदाबाई, आता मले दुरुस्ती करावी लागन. सून होती म्हणजे लेक आहे. लेक असलेल्या बाईले इथं ठेवाची परवानगी नाही मले. अकोल्याले कळवावं लागन.' माझं काम झालं होतं अन् तिची खाट गेली होती. मले वाचवासाठी नाही, खरं बोलासाठी गेली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली,

'लेक होता. मेला.'

नत्थुजीनं विचारलं, 'कधी?'

'याच महिन्यात, पाच तारखेले. कार्ड आलं त्याचं.'

नत्थुजीनं माझ्याकडे पाहलं. ते कार्ड त्यायच्याच टेबलावर पडलं होतं, त्यायनं माझ्या आधी वाचलं होतं. तरी मलेच विचारलं, 'कार्ड आलं होतं काय, इंदूबाई?'

म्या म्हटलं, 'हाव, आलं होतं. मीच वाचून दाखवलं.'

साहेब फाटकाकडे पाहून राहिला होता. नत्थुजीनं लेखणी दौतीत बुडवली. मंग त्यायनं 'मूलबाळ नाही' हे खोडलं अन् हळूहळू लिहिलं, 'मुलगा एक, सूर्यभान, मयत दि. ५ मार्च १९६४.' तुमच्या मायनं अंगठा देल्ला. दुर्गाबाईनं शाई पुसाले फडकं देल्लं, ते तिनं घेतलं नाही.

तर ही बातमी. रजिस्टरात, साहेबासमोर, मायच्या अंगठ्यानिशी तुमी मेले आहा.

तिनं मले आंग धुऊन मागतलं. कोणी गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घ्यावं लागते, ते घेतलं. रडली नाही. मी पाणी टाकत होती अन् ती दोन्ही हात जमिनीले टेकवून बसली होती. मले सुतक नाही, माझी फारकत झाली. बांगड्या आहेत तशा आहेत. जयवंताले तुमी काय सांगसान ते तुमचं तुमी पाहा.

काल सांजी तिनं विचारलं, 'आता तुले काय म्हणू व?' म्या म्हटलं, इंदू म्हणा. ते तिले जमत नाही. दोन वेळा 'सून' म्हणाली अन् जीभ चावली.

पुढच्या महिन्यापासून नवा दर लागते. राजापेठेच्या मागं एक खोली पाहली आहे. काम इथंच, तुमच्या मायचं आंग धुणं माझ्याकडंच. पगाराचं काम आहे, चुकणार नाही.

एक शेवटचं. आता इकडे कार्ड लिहू नका. मेलेल्या माणसाचं कार्ड आलं तर इथल्या बुढ्या भेतात.

इंदूबाई